वाटाड्याशिवाय चौदा वास्तू

वेस्टमोंडे बंदरातल्या चौदा जुन्या वास्तू कुणालाही आपल्या पायांनी, आपल्या वेगाने आणि कुणाची बडबड न ऐकता बघता याव्यात, म्हणून एक कागद छापायचं मारिनस पोप्पे यांनी ठरवलं. कुणाला त्रास द्यावा असा त्यांचा अजिबात हेतू नव्हता. एक कागद, तीन घड्या, एका बाजूला नकाशा आणि दुसऱ्या बाजूला माहिती.

"यात बिघडण्यासारखं आहे काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

नेल तेव्हा खिडकीच्या फटीत जुनं वर्तमानपत्र कोंबत होती. समुद्रावरचा वारा त्या फटीतून नऊ हिवाळे घरात येत होता. येताना तो चपला काढत नाही, असं नेल म्हणे. तिने मागे वळून न बघता सांगितलं, "तू तुझा कागद काढ. मी माझ्या खिडक्या बसवून घेते. सप्टेंबरात माणसं येतायत. दुहेरी काच, प्लास्टिकची चौकट. तोवर तू काय वाटेल ते कर."

हा करार दोघांनाही मान्य होता. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाल्यावर यापेक्षा जास्त मान्य होण्यासारखं फारसं काही उरत नाही.

पोप्पे चौतीस वर्षं बंदराच्या उघडत्या पुलावर नोकरीला होते. जहाज आलं की घंटा वाजवायची, फाटक पाडायचं आणि सबंध गावाला ताटकळत ठेवायचं. लोकांना थांबवण्यात उभी हयात गेली, आता निवृत्तीनंतर त्यांना जरा चालवावं, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. वाटाड्यांवर मात्र त्यांचा जुना राग होता. एकदा वजनघरासमोर, म्हणजे पूर्वी बंदरातला माल जिथे तोलत तिथे, एका वाटाड्याने तीस प्रवाशांना बांधकामाचं साल अकरा वर्षांनी चुकीचं सांगितलं. पोप्पे यांनी सभ्यपणे दुरुस्ती केली. त्यावर त्या तीसही जणांनी मिळून त्यांना "श्श!" केलं. ज्या माणसाने चौतीस वर्षं तेलवाहू जहाजांना थांबवलं, त्याला श्श! तेव्हापासून वाटाडे नसलेलं जग ही त्यांची इच्छा होती.

बातमी शेजारी पोचायला एक दुपार पुरली. पलीकडच्या घरातल्या विस्सेबाई कॉफीला आल्या, नकाशा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "अहो पोप्पे, लोक चालणार म्हणजे लोकांना लागणार. मुतारी कुठाय यात?"

"बाई, हा इतिहास आहे."

"इतिहासातसुद्धा लागत होतीच की. आणि हे बघा, रस्ता माझ्या खिडकीवरून नेऊ नका. लोक आत डोकावतात."

"मग पडदे लावा ना."

"पडदे?" विस्सेबाईंनी कपबशी खाली ठेवली. "म्हणजे आत काहीतरी लपवतेय असं वाटायचं लोकांना."

रस्ता मागच्या गल्लीने वळवला. दुसऱ्या दिवशी विस्सेबाई पुन्हा आल्या. आपल्याला मुद्दाम वगळलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं. आजोबांनी युद्धात न्हाणीघरात आख्खं डुक्कर लपवलं होतं ते काय उगीच?

समोरच्या घरात बाउडवाइन कप्तान राहायचा. आयुष्यभर मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या छोट्या बोटीवर होता आणि आवाज अजूनही इंजिनावरून बोलल्यासारखा. त्याच्या दारात एक गंजका नांगर पडलेला होता.

"मारिनस, पहिला क्रमांक नांगराला दे. सतराव्या शतकातला आहे."

"अरे, त्यावर कारखान्याचं नाव आहे. खाली एकोणीसशे एकसष्ट लिहिलंय."

"मग जुनाच झाला की! मीपण एकसष्टच्या आधीचा आहे, मला कुणी नवा म्हणतं का?"

तरीही कागद तयार झाला. अडचण आली ती खुणांची. नकाशा हातात असूनही माणसं चुकतात, हे पोप्पे पुलावरून रोज बघत आले होते. म्हणून प्रत्येक वास्तूवर एक छोटी पाटी आणि वाटेत बाण हवे होते. त्यासाठी ते नगरपालिकेत गेले. वारसा विभागात फेमके नावाची एक सव्वीस वर्षांची मुलगी बसली होती.

"ये मारिनस, बस. काय करू तुझ्यासाठी?"

पोप्पे उभेच राहिले. हल्ली नगरपालिकेत सगळ्यांना अरे-तुरे करतात, त्याने नागरिक मोकळे होतात, असा फलक बाहेर लावलेला होता. पोप्पे तो वाचूनच आत आले होते, पण वाचणं वेगळं आणि सोसणं वेगळं. त्यांनी बसून, शक्य तितकं मोकळं होऊन, आपलं काम सांगितलं.

"बाण म्हणजे वाहतुकीची खूण झाली. ते माझ्याकडे नाही, वरच्या मजल्यावर," फेमके म्हणाली. "भिंतीवर पाटी म्हणजे जाहिरात. तो तळमजला. आणि वारसा यादीतल्या इमारतीवर पाटी लावणं म्हणजे नुकसान. ते मात्र माझ्याकडे, आणि त्याला परवानगी नाही."

"म्हणजे ही इमारत ऐतिहासिक आहे, हे त्या इमारतीवर सांगता येत नाही?"

"सांगता येतं. पण मग ती थोडी कमी ऐतिहासिक होते."

हे बोलताना ती हसली नाही. पोप्पेही हसले नाहीत. त्या खोलीत बऱ्याच वर्षांत कुणी हसलं असेल असं वाटत नव्हतं.

शेवटी वाट निघाली ती जमिनीवरून. दोन महिन्यांत धुऊन जाणाऱ्या खडूच्या रंगाने रस्त्याच्या विटांवर पावलं उमटवायला हरकत नव्हती, फक्त तीन अर्ज भरायचे होते. तिसऱ्या अर्जात 'वस्तूची उंची' असा एक रकाना होता. पोप्पे यांनी शून्य लिहिलं. संगणक शून्य घेईना. त्यांनी एक लिहिलं, आणि संगणकाने त्याचा आपल्या समजुतीप्रमाणे एक मीटर केला. तीन आठवड्यांनी अपंग सुविधा कक्षाचं पत्र आलं: रस्त्यावर मीटरभर उंचीची दोनशे बारा पावलं उभी राहिल्यावर चाकाच्या खुर्च्या कुठून न्यायच्या, याचा खुलासा करावा. पोप्पे यांनी दोन पानी खुलासा केला. तो इतका समाधानकारक होता की उत्तरात त्यांच्या पावलांना उतार जोडल्याबद्दल त्यांचं अभिनंदन करण्यात आलं.

सप्टेंबरातल्या वारसा दिवसाला, म्हणजे जुनी घरं सगळ्यांना खुली असतात त्या दिवसाला, पंधरवडा उरला असताना ते रंगाची बादली घेऊन बाहेर पडले. साचा त्यांनी आपल्याच डाव्या बुटाचा केला होता.

"सगळे डावेच पाय," नेल दारातून म्हणाली.

"दिशा कळली म्हणजे झालं."

"कुणीतरी लंगडी घालत बंदरावर गेल्यासारखं दिसतंय."

दोनशे बारा पावलं वाकून रंगवल्यावर पोप्पे यांची कंबर जी वाकली, ती वाकलीच. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे सपाट पडून राहा. जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून नेलने पलंग खाली पुढच्या खोलीत, खिडकीखाली आणून टाकला. तिथून त्यांना आभाळ, कप्तानाचं धुराडं आणि वर्तमानपत्र कोंबलेली फट एवढंच दिसे.

वारसा दिवसाच्या आदल्या बुधवारी रस्त्यावर ठोकाठोक ऐकू आली. इंटरनेटची तार टाकायला माणसं आली होती. त्यांनी वजनघरापासून पोप्पे यांच्या दारापर्यंतचा रस्ता उकलला, तार पुरली आणि विटा परत बसवल्या. फार नेटकं काम केलं. एक वीट खाली-वर नाही. आता, वीट बसवणाऱ्याच्या दृष्टीने वीट ही वीट असते. तिच्यावर निळ्या रंगात कुणाची टाच आहे की अंगठा, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. सातव्या वास्तूपासून आठव्या वास्तूकडे जाणारी पोप्पे यांची पावलं त्या दिवशी गावभर विखुरली. काही मासळीच्या गाडीकडे निघाली, दोन कालव्यात उतरली, आणि त्यातल्या त्यात धड अशी सलग अकरा पावलं वळून पोप्पे यांच्याच गल्लीत शिरली आणि त्यांच्याच हिरव्या दारापुढे संपली.

पोप्पे सपाट पडून होते. त्यांना कोण सांगणार?

शनिवारी दहा वाजता दार वाजलं. रेनकोट घातलेलं एक जोडपं उभं होतं, हातात कागद. नेलने दार उघडलं, तशी "नमस्कार" म्हणून दोघं पाय पुसत सरळ आत आली. वारसा दिवसाला उघडलेलं दार म्हणजे आमंत्रण, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. नवऱ्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली: "क्रमांक आठ. दोर वळणाऱ्यांच्या संघाचं घर. बाहेरून साधं, पण आतून चकित करणारं. मूळ चूल शाबूत. ओट्यावरचे ओरखडे पाहायला विसरू नये."

दोघं स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर वाकली. ते ओरखडे नेलच्या पाव कापायच्या सुरीचे होते. बाईने त्यावरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती राबली असतील बिचारी माणसं!"

नेलला वाटलं, हे सगळं मारिनसने परस्पर ठरवलंय. ते ती त्याला जन्मभर विसरू देणार नव्हती. पण परक्यांसमोर तमाशा करायची तिची रीत नव्हती. तिने कॉफी ठेवली.

मागून सहा जण आले. त्यांच्यामागे एक सायकल मंडळ. गर्दी बघून विस्सेबाई मदतीला धावून आल्या आणि आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. आपण त्या उंबऱ्यावर शोभतो असं त्यांना क्षणभर वाटलं असावं, कारण त्या लगेच बोलायलाच लागल्या. "या, या, डोकं सांभाळा. हे घर सोळाशे बाराचं. इथे न्हाणीघरात एक आख्खं डुक्कर लपवलं होतं."

"सोळाशे बारा साली?"

"तेव्हापासून," विस्सेबाई म्हणाल्या.

पुढच्या खोलीत लोक थबकत. पांघरुणात, नाक छताकडे करून, एक वृद्ध गृहस्थ पडलेले.

"हे कोण?" सायकल मंडळाच्या एका बाईने दबक्या आवाजात विचारलं.

"दोर वळणारे," विस्सेबाई म्हणाल्या. "शेवटचे."

"मी दोर वळणारा नाही!" पोप्पे ओरडले. "अहो, तुम्ही चुकलात! आठवी वास्तू डावीकडे, पुलाच्या—"

तीस जणांनी एकाच वेळी "श्श!" केलं. विस्सेबाईंचं डुक्कर रंगात आलं होतं.

"वय झालंय," विस्सेबाईंनी पाहुण्यांना समजावलं.

कुणीतरी त्यांचा फोटो काढला. एकाने उशाशी एक सफरचंद ठेवलं. पोप्पे यांनी डोळे मिटून घेतले. उठून बसता आलं असतं तर त्यांनी घंटा वाजवून फाटक पाडलं असतं. संध्याकाळपर्यंत तीनशे चाळीस माणसं येऊन गेली, असं कप्तानाने मोजून सांगितलं. त्याने गर्दी आवरता आवरता नांगरही दाखवून घेतला होता. नगरपालिकेने ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत चौदा वास्तूंपैकी तेरांबद्दल एक अक्षर नव्हतं. 'क्रमांक आठ अविस्मरणीय' असं एकोणसाठ जणांनी लिहिलं आणि 'वाटाड्या बाई उत्तम' असं साठ जणांनी.

नेल त्या रात्री त्यांच्याशी एकच वाक्य बोलली. "गुरुवारी खिडक्या येतायत, म्हणून मी गप्प आहे."

पण सोमवारी फेमके आली. शनिवारच्या गर्दीत टॉर्च घेऊन फिरणारी एक बाई जुन्या जहाजांची जाणकार निघाली होती. मागच्या खोलीतल्या कपाटावरची तुळई बघून तिने नगरपालिकेला लांबलचक पत्र लिहिलं. फेमके शिडीवर चढली, बराच वेळ वरच राहिली आणि खाली आली तेव्हा तिच्या केसांत कोळिष्टकं आणि चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी होतं.

"मारिनस, ही घराची तुळई नाही. जहाजाची आहे. ओक लाकूड, सुताराच्या खुणांसकट. तीनशे वर्षं तरी झाली असतील. तू हे घर तुझ्या कागदात का नाही घातलंस?"

तेहतीस वर्षं पोप्पे त्या तुळईखालच्या कपाटातून सदरे काढत होते.

बुधवारी पत्र आलं. घर वारसा यादीत घ्यायचं की नाही याचा निर्णय होईपर्यंत एक खिळाही हलवू नये. गुरुवारी खिडक्या घेऊन आलेली माणसं पत्र वाचून खिडक्या घेऊन परत गेली. नेल दारात उभी राहून गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली. मग आत येऊन तिने वर्तमानपत्राची घडी केली आणि फटीत कोंबली.

ती रडली असती किंवा भांडली असती तर बरं, असं पोप्पे यांना वाटलं. ती फक्त म्हणाली, "दहावा हिवाळा."

"मी हरकत घेतो," पोप्पे म्हणाले. "या घरात बघण्यासारखं काही नाही, हे मी सिद्ध करून दाखवतो. तुला खिडक्या मिळतील, नेल. माझा शब्द."

कंबर सरळ होताच ते टेबलाशी बसले. जन्मभर जुन्या भिंतींचं कौतुक केलेल्या माणसाने स्वतःच्या घराविरुद्ध चार पानं लिहिली. तुळई कुणी वाहून आलेल्या लाकडातून बसवली असावी. समोरची बाजू अगदी सामान्य. चार खिडक्या, त्याही एका रेषेत नाहीत. लिहिताना त्यांना मधूनमधून पाणी प्यावं लागलं.

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या दालनात होती. वारसा समितीचे अध्यक्ष एक सडपातळ, इस्त्रीचे गृहस्थ होते. नेल मागच्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन बसली. पोप्पे यांनी चारही पानं वाचली. शेवटचं वाक्य होतं: 'सबब, हे घर नगण्य आहे.'

"मला अर्जदारांचं म्हणणं पटतं," अध्यक्ष म्हणाले.

पोप्पे यांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळं इथेच संपायला हरकत नव्हती. पण अध्यक्ष बोलत राहिले. शिकलेल्या माणसांना हा रोग असतो.

"खरंच बेताचं घर आहे. तुळई काढून संग्रहालयात ठेवता येईल. बाकी, खिडक्यांना प्रमाण नाही, कौलांना वळण नाही. आणि हा दरवाजा..." त्यांनी फोटो सदस्यांकडे सरकवला आणि बारीक हसले. "हा रंग कुणी निवडला असेल देव जाणे. आवड म्हणून काही असते."

दोन सदस्य हसले.

तो हिरवा रंग नेल दर वसंतात स्वतः कालवून लावत असे. पोप्पे यांनी मागे पाहिलं. नेल समोर बघत होती, पण पर्सच्या बंदावरची तिची बोटं पांढरी झाली होती.

"एक मिनिट," पोप्पे म्हणाले.

"आपला मुद्दा मान्य झालाय, पोप्पे. बसा."

"मी चौतीस वर्षं बसूनच काढली. आता उभा राहतो." आणि ते उभे राहिले. "खिडक्या रेषेत नाहीत म्हणता? नसतीलच. घर बांधणाऱ्याने आधी जहाजाची तुळई आणली आणि मग तिच्याभोवती घर बसवलं. घर तिरकं नाही साहेब, जहाज सरळ आहे. या गावात जो पैसेवाला होता त्याने वजनघर बांधलं, त्याचं तुम्ही कौतुक करता. ज्याच्याकडे बुडालेली बोट सोडून काही नव्हतं त्याने तिचंच छप्पर केलं, आणि ते तुम्हाला नगण्य? हे असं कुणी लिहिलं?"

"आपणच," अध्यक्ष म्हणाले. "पान चार."

"ते चूक आहे. खोडा ते. आणि दरवाजा! समुद्राचं खारं वारं त्या दरवाजाला तेहतीस वर्षं खातंय आणि तो जागचा हललेला नाही, कारण एक बाई दर वर्षी गुडघ्यावर बसून त्याला तीन हात देते. तुमच्या यादीतल्या किती दारांना असं माणूस आहे? असल्या रंगाला आवड नाही म्हणत. त्याला राखण म्हणतात!"

वीस मिनिटं ते बोलले. सालं सांगितली, आणि एकही अकरा वर्षांनी चुकलं नाही. फेमके भराभर लिहून घेत होती. कुणी श्श केलं नाही. अध्यक्षांनी हळूच फोटो परत घेतला, पुन्हा बघितला आणि घसा खाकरून म्हणाले, "श्रीमती पोप्पे, आपल्याला काही सांगायचंय?"

नेल उठली. एका वाक्यात सगळं मिटवणं तिच्या हातात होतं. नवरा थकलाय, त्याचं मनावर घेऊ नका, एवढं म्हटलं असतं तरी पुरे. तिने अध्यक्षांकडे पाहिलं, टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं.

"तीन नाही, चार हात देते," ती म्हणाली. "बाकी सगळं हे म्हणतात तसंच." आणि बसली.

घर एकमताने वारसा यादीत गेलं. खिडक्या जुन्या आहेत तशाच, लाकडी, एकेरी काचेच्या, कायमच्या.

बाहेर आल्यावर दोघं घराकडे चालू लागली. वारा समोरून होता. पोप्पे यांना आपण काय करून बसलो हे वजनघराच्या आसपास लक्षात आलं. मासळीच्या गाडीपासून ते माफीची जुळवाजुळव करू लागले. कापडाच्या दुकानासमोर नेल थांबली आणि आत शिरली. पोप्पेही मागोमाग गेले.

"सगळ्यात जाड पडदे दाखवा," नेल म्हणाली. "घोंगडीसारखे."

दुकानदाराने गठ्ठे काढले. "अहो, तुमचं घर बघितलंय की मी वारसा दिवसाला! काय ते डुक्कर! पुढच्या बाजूला चार खिडक्या ना? चार जोड कापू?"

नेलने कापड चिमटीत धरून जाडी पाहिली.

"तीन," ती म्हणाली. "चौथीखाली हे झोपणार आहेत."